गुरुवारची विनंती

"आई, एक सांगते. पण ते तुझ्यामाझ्यातच राहू दे. पप्पांनासुद्धा नको सांगूस."

मिरू असं म्हणाली तेव्हा मी खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत होते. मिरू म्हणजे मिर्याम, माझी एकुलती एक मुलगी. लग्न होऊन सोलापूरला गेली त्याला सव्वा वर्ष झालं होतं, आणि त्या फेब्रुवारीत ती दोन दिवसांसाठी एकटीच श्रीरामपूरला आली होती. मी बत्ता थांबवला नाही. आपण काम थांबवून बघायला लागलो की सांगणारा बिचकतो, हे मला पंचवीस वर्षं शाळेत पोरं सांभाळून कळलेलं.

"सांग की."

"दिवस राहिले होते मला. तिसरा लागला होता. जानेवारीत गेलं."

मग मात्र बत्ता थांबला.

तिने सगळं अगदी कोरडेपणाने सांगितलं. गोड बातमी नाताळात सांगायची, असं तिचं आणि एलियाचं, म्हणजे आमच्या जावयाचं, ठरलं होतं. नाताळाच्या आठ दिवस आधी तिचे सासरे झोपेतच गेले. घरात प्रेत असताना कोण सांगणार? मग महिनाभर माणसांची ये-जा, आणि त्यातच एके दिवशी ते गेलं. दवाखान्यात नेलं तेही सासूला "पोटात दुखतंय" म्हणून.

"मम्मींना आहे हेच माहीत नव्हतं, मग गेलं ते काय सांगू?" मिरू म्हणाली. "त्या आधीच जेवत नाहीत. एलिया म्हणाला, नकोच. आम्हा दोघांनाच माहीत आहे. आणि आता तुला."

मी तिला जवळ घेतलं. तेव्हा कुठे ती रडली, आणि चांगली पोटभर रडली. माझ्या हाताला शेंगदाण्याचं तेल लागलेलं, ते तिच्या केसांना लागलं.

"कोणाला म्हणजे कोणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "शपथ घ्यायची नाही आपल्यात, पण हा माझा शब्द."

मंगळवारी तिला एस.टी.त बसवून दिलं. गुरुवारी मंडळ होतं.

आता मंडळाचं सांगायला हवं, त्याशिवाय माझी चूक कळायची नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांचं महिला मंडळ दर गुरुवारी तीन वाजता भरायचं, आज हिच्या घरी तर पुढच्या खेपेला तिच्या. मी अध्यक्ष. गीत व्हायचं, शास्त्रपाठ व्हायचा, मग मी विनंत्यांची वही उघडायची. तारीख, नाव, विनंती, आणि शेवटचा रकाना 'उत्तर मिळाले' असा. एकेकीने आपली विनंती सांगायची, मी ती लिहायची, मग त्या विनंत्या वाटून द्यायच्या. माझ्यासाठी तू मोठ्याने प्रार्थना करायची, तुझ्यासाठी तिने. उगाच कशाला नम्रपणा करू, माझी प्रार्थना सगळ्यांत गाजलेली होती. पाळकसाहेब एकदा वेदीवरून म्हणाले होते, त्रिभुवनबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की कोरडा डोळा राहत नाही. ते वाक्य मी दोन वर्षं पुरवून पुरवून आठवलं.

माझे यजमान शांतवन एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. बोलणं मोजकं. ते कधीमधी म्हणायचे, "रत्ना, तू देवाला बातम्या फार सविस्तर देतेस. त्याला थोडंफार माहीत असेल की." मला राग यायचा. इंजिनं खोलणाऱ्या माणसाला काय कळतंय, असं वाटायचं.

तर तो गुरुवार. अमोलिकवहिनींच्या घरी आम्ही अकरा जणी जमलो होतो. कमल रणनवरेच्या मुलाची दहावी, कोणाचा गुडघा, अमोलिकवहिनींच्या सुनेची बदली, असं सगळं लिहून झालं. मग वहिनी म्हणाल्या, "बाई, तुमची?"

"आहे," मी म्हणाले, "पण गुप्त आहे."

गुप्त विनंतीची सोय आमच्यात होती. वहीत नुसतं 'गुप्त' लिहायचं, देवाला कळतं. पण गुप्त म्हटलं की दहा माना वर होतात, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

"तब्येत का हो बाई?"

"माझं नाही. मिरूचं आहे."

"अगबाई! सासरी काही जाच?" कमलने विचारलं.

बघा, कशी अडकले. गप्प राहिले तर बिचाऱ्या एलियाचं नाव खराब होणार. त्याच्या आईचं होणार. तेव्हा मी मनाला असंच समजावलं. खरं सांगायचं तर दोन दिवस माझ्या छातीवर धोंडा होता, आणि मला कोणीतरी हात धरून रडायला हवं होतं. आणि माझ्या मनाने एक पळवाटही काढून ठेवली होती की देवाला सांगणं म्हणजे काही माणसांना सांगणं नव्हे. देवाशी बोलताना माणसं आजूबाजूला बसलेली असतात, त्याला मी काय करू?

सांगितलं सगळं. माझ्या हाताने वहीत लिहिलं: मिर्याम शिरसाट, सांत्वन व उदरफळ, म्हणजे पुन्हा मूल. कमलच्या वाट्याला ती विनंती आली आणि तिने अशी प्रार्थना केली की सगळ्या हुंदके द्यायला लागल्या. मीही रडले.

"हे इथेच राहू द्या हं, बायांनो," निघताना मी म्हणाले.

"छे, छे, बाई! आम्ही काय लहान आहोत?"

घरी आले ती हलकी होऊन. रात्री मला गाढ झोप लागली.

हे सगळं मी आज मिरूला विचारून लिहिते आहे. ती फोनवर हसली. म्हणाली, "लिही, आई. ते तर अख्ख्या श्रीरामपूरला माहीत आहे."

तीन आठवड्यांनी तिचं इनलँड पत्र आलं. चार ओळी. "प्रिय आई, प्रभूमध्ये सलाम. मम्मींना कळलं. श्रीरामपूरहून कळलं. मी बरी आहे. पप्पांना सलाम सांग. मिर्याम."

एरवी ती खाली 'तुझी मिरू' लिहायची. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि मग पदराने तोंड दाबून मोरीत जाऊन बसले. कमलची बहीण सोलापूरला दिलेली होती, हे मला माहीत होतं. ती मार्थाबाईंच्याच मंडळीत होती, हेही माहीत होतं. मार्थाबाई म्हणजे मिरूच्या सासूबाई. माहीत सगळं होतं, पण गुरुवारी तीन वाजता त्यातलं काही आठवलं नव्हतं.

मी तीन पत्रं पाठवली, प्रत्येक चार-चार पानी. कसं घडलं, कमल कशी फाटक्या तोंडाची निघाली, मी किती चांगल्या हेतूने बोलले होते, सगळं लिहिलं. प्रत्येकात दोन-चार वचनं घातली. उत्तर आलं नाही. नाताळात मिरू एक दिवस आली, पाहुण्यासारखी वागली. ताट स्वतः उचललं, हवापाण्याचं बोलली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेली. शांतवन तिला सोडायला स्टँडवर गेले आणि दोन तासांनी परतले. गाडी सुटायला इतका वेळ लागला का, असं मी विचारलं तर म्हणाले, "लागला थोडा."

वर्ष उलटून मे महिना आला. एका शनिवारी शांतवन डेपोतून आले ते हातात चिंचेची मोठी पुडी घेऊन. सोबत कच्च्या कैऱ्या. पेपरात बांधून, वर सुतळी गुंडाळत बसले.

"हे कोणाला?"

"पवार ड्रायव्हर उद्या सोलापूरची गाडी नेतोय. मिरूला देईल."

"मिरूला? ती पोरगी चिंच तोंडात धरायची नाही. आमटीत पडली तरी नाक मुरडायची. तिला कधीपासून..."

आणि मी थांबले. शांतवननी सुतळीची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. त्यांना खोटं बोलता यायचं नाही, म्हणून ते गप्प बसायचे.

"कितवा?" मी विचारलं.

"सहावा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मार्चात. डेपोच्या पत्त्यावर पत्र घातलं होतं तिने."

"मार्चात! दोन महिने तुम्ही माझ्या हातचं जेवताय, माझ्यासमोर बसून चहा पिताय, आणि..."

"सांगू नका म्हणाली होती."

"मी आई आहे तिची!"

"हो," ते म्हणाले.

"आणि बाळंतपण? सातव्यात आणायला जायला हवं. खोली रिकामी करायला हवी, दवाखान्यात नाव घालायला हवं..."

"तिकडेच होणार आहे. विहीणबाई करणार आहेत. तिनेच ठरवलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिलं बाळंतपण, आणि तेही आई जिवंत असताना सासरी! उद्या मंडळीत लोक काय म्हणतील, हा माझा पहिला विचार होता. खोटं कशाला बोलू. मुलीने मला तोडलं, हा दुसरा विचार. तो आला आणि मग गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. आमच्यात जुन्या पाळकांपासूनची शिकवण आहे की कोणाशी वाकडं असेल तर आधी ते मिटवायचं, मगच वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पोरांकडून मी हे वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं. त्या रविवारी मी पहिल्या बाकावरून उठून सगळ्यांच्या आधी कठड्याशी गेले, भाकर घेतली, द्राक्षारस घेतला, आणि संपूर्ण वेळ सोलापूरला जाऊन काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. चूक मिरूची होती ना. वर्षभर आईशी अबोला धरते म्हणजे काय?

सोमवारी पहाटेची एस.टी. धरली. नगरला गाडी बदलली आणि करमाळा, टेंभुर्णी करत दुपारी एकला उन्हाने भाजून सोलापूरला पोचले.

दार मार्थाबाईंनी उघडलं. बारीक चणीच्या, पांढऱ्या साडीतल्या, वय पंचावन्न, पण पायात तरुण पोरीचा उत्साह. "अय्या, विहीणबाई! सलाम, सलाम! आधी आत या, पंख्याखाली बसा." त्यांनी पाणी आणलं, पाय धुवायला लावले. मागून मिरू आली. एक हात कमरेवर, पोट चांगलं दिसायला लागलेलं. नाताळानंतर मी तिला आज बघत होते. गालावर तेज आलेलं, पाय सुजलेले.

"सलाम, आई."

"सलाम, बाळा. मी तुला न्यायला आले."

"मी येणार नाही, आई."

"असं कसं? पहिलं आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की," मिरू म्हणाली. "प्रार्थनेतही घेतील."

ती हे शांतपणे म्हणाली. तिला ओरडताना मी कधी ऐकलेलं नाही, त्या बाबतीत ती बापावर गेली आहे. मी मात्र चढले. "मी वाईट काय मागितलं गं तुझ्यासाठी? तुझ्या बऱ्याचंच मागितलं ना? देवाकडेच मागितलं ना?"

"आई, देवाला ऐकू यावं म्हणून तू इतक्या मोठ्याने बोललीस का?"

मी मार्थाबाईंकडे पाहिलं. वाटलं, या तरी म्हणतील की आईशी असं बोलू नये. त्या चहाचे कप घेऊन आल्या, माझ्यासमोर ठेवले आणि माझ्या शेजारी बसल्या.

"विहीणबाई, तुम्हाला त्या दिवसाचं कोणी सांगितलंच नसेल," त्या म्हणाल्या. "रागाने नाही सांगत मी. आमचं मंडळ मंगळवारी असतं. माझे मालक जाऊन अडीच महिने झाले होते, मी पहिल्यांदाच गेले होते. डोळे मिटून बसले होते. कमलताईंची बहीण प्रार्थना करत होती. म्हणाली, बापा, आमच्या मार्थाबहिणीचं नातवंड तू आपल्याकडे नेलंस, तिला धीर दे. मला वाटलं, दुसरी कोणी मार्था असेल, आमच्यात तिघी आहेत. मी मनात म्हटलं, हो, बापा, दे तिला धीर. आणि मग माझ्याच खांद्यावर कोणीतरी हात ठेवला."

पंखा घरघरत होता. मार्थाबाईंनी पदराने नाक पुसलं.

"घरी येऊन मी हिला नको ते बोलले. आजी मी, आणि मला रस्त्यावरून कळतं? असं म्हणाले. पोटातलं गेलेली पोरगी, आधीच खचलेली, तिला मी आठ दिवस हाक मारली नाही. शेवटी एके दिवशी स्वयंपाकघरात दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो आणि मिटलं आमचं. तुमचंच राहिलंय बघा. घ्या, चहा गार होतोय."

चहा मी प्यायले. कसा होता ते आठवत नाही. जे जे बोलायचं म्हणून नगर ते सोलापूर जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. परतीची गाडी चारला होती. साडेतीनला मी पिशवी उचलली.

"निघण्याआधी प्रार्थना करा, बाई," मार्थाबाई म्हणाल्या. आमच्यात प्रार्थनेशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. "तुमच्या प्रार्थनेचं फार ऐकलंय."

टोमणा नव्हता तो, त्यांना टोमणा येतच नाही. मी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले. "हे दयाळू स्वर्गीय बापा," म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं: या लेकरांच्या मनातली कटुता काढून टाक. आणि ते वाक्य तिथेच अडलं. कटुता कोणाच्या मनातली? मिरूच्या. मी हे कोणाला ऐकवणार होते? मिरूलाच. देवाचं नाव पुढे करून मी लेकीला बोलणार होते, तिच्याच घरात, तिला उलट बोलता येणार नाही अशा वेळी. आणि असं मी किती वर्षं करत आले होते? घरात शांतवनना, शाळेत पोरांना, मंडळात बायकांना?

दुसरं वाक्य सापडेना. एरवी अर्धा तास न अडखळता बोलणारी मी, तोंड उघडून नुसती उभी. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. शेवटी मी डोळे उघडले. मिरूचे डोळे उघडेच होते. ती माझ्याकडे बघत होती.

"मिरू," मी म्हणाले, "मी चुकले. कमल नाही, मी. तू विश्वासाने दिलंस, आणि मी ते बायकांत वाटून टाकलं आणि स्वतः हलकी होऊन घरी येऊन झोपले. पत्रांत लिहिलं ते सगळं खोटं होतं. मला माफ कर म्हणायलाही मी उशीर केला."

मिरूने चहाचे रिकामे कप गोळा केले.

"आमेन," मार्थाबाई हळूच म्हणाल्या.

"गाडीची वेळ होईल, आई," मिरू म्हणाली.

फाटकापर्यंत मात्र ती आली. मी रिक्षात बसले तेव्हा म्हणाली, "पप्पांना सांग, चिंच पोचली. अजून असेल तर पाठवा म्हणावं." एवढंच. मी करमाळ्यापर्यंत रडले, आणि शेजारच्या बाईने विचारलं तर उन्हाने डोळे आलेत म्हणाले.

जूनचा पहिला रविवार आला. कठड्याशी जायची वेळ झाली आणि मी बाकावरून उठले नाही. काही ठरवलं नव्हतं, पायच उठेनात. माफी मी मागितली होती, पण मिरूने ती अजून दिली नव्हती, आणि देण्याची घाई करायला मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? अध्यक्षीण पहिल्या बाकावर बसलेली आणि अख्खी मंडळी तिच्या बाजूने कठड्याशी जातेय. जुलैतही तेच. ऑगस्टातही तेच.

"बाई, प्रभुभोजन घेत नाही तुम्ही?" अमोलिकवहिनींनी गाठलंच. "काही असेल तर मोकळं बोला. गुरुवारी विनंती घेऊ."

अहो, घशापर्यंत आलं होतं! बोलले असते तर वहिनींनी माझे हात हातात घेतले असते, मी रडले असते, घरी हलकी होऊन आले असते. "काही नाही, वहिनी," म्हणाले आणि चपला घातल्या. मग काय, चर्चा तर होणारच. कोणी म्हणालं, बाईंचं पाळकसाहेबांशी बिनसलं. कोणी म्हणालं, बाई मंडळी बदलणार. कमलने तर मला तोंडावर विचारलं. मी तिला विनंत्यांची वही देऊन टाकली आणि म्हटलं, आता तू लिही. मी मागच्या सतरंजीवर बसायला लागले. तोंडात तीळ न भिजणाऱ्या बाईने तीन महिने मूग गिळून बसायचं, याच्यापेक्षा चाळीस दिवसांचा उपास सोपा.

सकाळी शाळेत जाण्याआधी मी स्वयंपाकघरात पाटावर बसायची. प्रार्थना म्हणून बसायची, पण वाक्यं करायची नाहीत, असं ठरवलं होतं. पहिले काही दिवस चक्क डुलकी लागली. मग मनात सोलापूरच्या घराचे हिशेब चालायचे, कोणाचं काय चुकलं याचे. जुलैच्या शेवटी शेवटी नुसतं मिरूचं नाव उरलं. ते घेऊन मी बसायची. शांतवन यायचे, बघायचे, चहाचा कप शेजारी ठेवून जायचे. एकदाही त्यांनी काही विचारलं नाही.

ऑगस्ट संपता संपता शेजारच्या भालेरावांकडे फोन आला. एलिया होता. "आई, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." आणि मग, "मिर्याम म्हणते, तुम्ही याल का?"

मी रजेचा अर्ज शिपायाच्या हाती पाठवून तशीच निघाले.

सोलापूरच्या त्या घरात बाळंतपणाचं राज्य मार्थाबाईंचं होतं. शेक त्या द्यायच्या, बाळाला न्हाऊ त्या घालायच्या, खिरीत हळीव किती तेही त्याच ठरवायच्या. माझ्याकडे लंगोट धुणं आणि भांडी. बाळाच्या टाळूवर त्या तेल फार कमी घालायच्या, मला दिसत होतं. पण मी बोलले नाही. धुतले लंगोट, वाळत घातले, घड्या केल्या. मिरू माझ्याशी बोलायची, पाणी मागायची, बाळाला हातात द्यायची. त्याहून जास्त नाही, आणि मीही मागितलं नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. मार्थाबाई उपासनेला निघाल्या होत्या. मी बादली भरत होते.

"आई," मिरूने खोलीतून हाक मारली. "तूही जा मम्मींबरोबर."

"तुझ्याजवळ कोण?"

"एलिया आहे." ती बाळाकडे बघत होती. "आज पहिला रविवार आहे. कठड्याशी जा, आई. पप्पांनी लिहिलंय मला. तीन महिने झाले ना?"

मी दारात ओल्या हातांनी उभी राहिले. आयुष्यभर सगळ्यांची गुपितं पोटात ठेवणाऱ्या माझ्या नवऱ्याने शेवटी माझंच गुपित फोडलं होतं.

"जाऊ मी?" मी विचारलं.

"जा," मिरू म्हणाली. "मनापासून म्हणते, आई. जा."

परक्या मंडळीत, मार्थाबाईंच्या शेजारी, मी कठड्याशी गुडघे टेकले. माझ्या मनात एकही वाक्य नव्हतं.

दुपारी जेवणं झाली. मार्थाबाई पुढच्या खोलीत लवंडल्या, एलिया औषधं आणायला गेला. मी आत बाळाचे कपडे घडी करत होते. मिरू बाळाला पाजत होती. "बस ना, आई," म्हणाली. मी कॉटवर तिच्या पायांशी बसले. मग ती बोलायला लागली.

अर्धा तास बोलली असेल. ते गेलेल्या बाळाचं नव्हतं, माझ्याबद्दल नव्हतं, मार्थाबाईंबद्दलही नव्हतं. तिच्या मनात वर्षानुवर्षं असलेलं, तिने एलियालाही पुरतं न सांगितलेलं काहीतरी होतं, आणि मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड. मध्येच तिचा आवाज फुटला. पूर्वीची मी असते तर तिथेच हात जोडून, डोळे मिटून सुरू झाले असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. तिचं बोलून संपलं तेव्हा बाळ झोपलं होतं. थोड्या वेळाने मिरूही झोपली, भिंतीला डोकं टेकून. मी दोघींजवळ बसून राहिले.

ती नात आता नोकरीला लागली. शांतवन जाऊन अकरा वर्षं झाली. मी सोलापूरहून परतले त्या दिवशी त्यांनी एकदा विचारलं होतं, "काय म्हणाली पोरगी?" मी म्हणाले, "बरी आहे." ते माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

मिरू त्या दुपारी जे बोलली ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. रोज सकाळी ते घेऊन मी देवासमोर बसते. त्यालाही मी ते अजून मोठ्याने सांगितलेलं नाही.